ड्युअल एक्झॉस्ट: कस्टम करून घ्यावा की स्वस्तातला किट बसवावा?

गाडीच्या मागे डाव्या-उजव्या बाजूला धूर सोडणाऱ्या पाईपची दोन टोकं दिसली की झाला ड्युअल एक्झॉस्ट, अशी बहुतेकांची समजूत असते आणि विकणाऱ्याला ती सोयीचीच पडते. प्रत्यक्षात या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंपासून मागच्या बंपरपर्यंत दोन स्वतंत्र पाईप, म्हणजे खरा ड्युअल. दुसरीत एकच पाईप मागच्या ॲक्सलपाशी येतो आणि तिथे फुटून दोन मफलरमध्ये, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्यांमध्ये, जातो. तिसरीत मफलर एकच, त्याला दोन तोंडं, किंवा नुसतंच पाईपवर चढवलेलं चकचकीत जोडटोक. या तिसऱ्या प्रकारातला बदल इंजिनाला कळतसुद्धा नाही.

बजेटचंही तसंच. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला बोल्ट-ऑन किट आणि ‘कुठल्याही गाडीला बसेल’ म्हणून विकला जाणारा युनिव्हर्सल किट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्यात मूळ हँगरची (पाईप टांगून धरणाऱ्या आकड्यांची) जागा, सेन्सरची भोकं, सस्पेन्शनची हालचाल हे सगळं धरलेलं असतं. दुसऱ्यात काही सरळ नळ्या, काही बेंड, दोन मफलर आणि मूठभर क्लॅम्प मिळतात, कापणं-जोडणं तुमच्यावर. म्हणजे युनिव्हर्सल किट घेतला तरी शेवटी वेल्डरकडे जावंच लागतं. मजुरी कस्टमची आणि माल स्वस्तातला, असा उफराटा व्यवहार त्यात होतो. माझ्या मते घेऊ नये अशी एकच गोष्ट या यादीत असेल तर ती हीच.

पहिली पायरी: आधी इंजिन बघा

व्ही-६, व्ही-८ किंवा बॉक्सर इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा, म्हणजे बँका, असतात आणि दोन्हीकडून वायू वेगवेगळा बाहेर पडतो. तिथे खऱ्या ड्युअलला अर्थ आहे. इनलाइन चार सिलिंडरच्या इंजिनात चारही सिलिंडर एकाच मॅनिफोल्डमध्ये श्वास सोडतात, पुढे एकच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि एकच पाईप. तो मागे नेऊन दोन केला तर दिसण्यात आणि आवाजात फरक पडेल, ताकदीत नाही. उलट दोन मफलरचं वजन वाढेल. इनलाइन सहा सिलिंडरचा मामला मधला आहे: पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर आळीपाळीने पेटतात, त्यामुळे त्यांचे दोन गट करून दोन पाईप नेता येतात. काही कंपन्या मुळातच तसं करतात.

चार सिलिंडरची गाडी असेल आणि नुसता दोन टोकांचा लूक हवा असेल, तर पुढचा बराच भाग तुम्हाला लागूच नाही. मॉडेलसाठी बनवलेला ॲक्सल-बॅक, म्हणजे फक्त शेवटचा तुकडा बदलणारा, किट बघा आणि मोकळे व्हा. या कामासाठी कस्टमवर पैसा ओतणं मला पटत नाही.

दोन बँकांच्या इंजिनात आणखी एक गोष्ट विचारायचीच: दोन पाईपना जोडणारा दुवा आहे का? बहुतेक जुन्या-नव्या रस्त्यावरच्या व्ही-८ मध्ये क्रॉस-प्लेन क्रँक असतो, म्हणजे क्रँकचे हात एकमेकांशी काटकोनात असतात. त्यात क्रँक फिरताना अख्खं इंजिन दर ९० अंशांना एक ठोका देतं, पण एका बँकेपुरतं बघितलं तर ठोके ९०, १८०, १८० आणि २७० अंशांच्या अंतराने पडतात. तो गडगडाट इथूनच येतो. दोन्ही पाईप अगदी शेवटपर्यंत सुटे ठेवले तर हा असमानपणा तसाच राहतो. मध्ये आडवी नळी टाकली, म्हणजे एच-पाईप, तर दाब थोडा वाटला जातो आणि खालचा गंभीर सूर टिकून राहतो. एक्स-पाईपमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात. सूर चढतो, जास्त गुळगुळीत आणि रेसिंगच्या अंगाने जातो. व्ही-६ मध्ये तर दुवा नसेल तर प्रत्येक पाईप तीन सिलिंडरच्या इंजिनासारखा बोलतो आणि वरच्या आरपीएमला पत्रा फाटल्यासारखा कर्कश होतो. स्वस्त किटमध्ये खर्च वाचवायला हा दुवाच गाळलेला असतो. फोटोत मफलर आणि टोकंच दिसतात, म्हणून मधल्या भागाचं चित्र मागून घ्या.

दुसरी पायरी: कुठून मागे बदलायचं ते ठरवा

ॲक्सल-बॅक म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागचा शेवटचा तुकडा, मुख्यतः मफलर आणि टोकं. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचं सगळं. याच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या दिशेने कन्व्हर्टर, डाउनपाईप, हेडर इथपर्यंत हात घालायचा तर प्रदूषणाचे कायदे, ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग सगळंच अंगावर येतं. कन्व्हर्टर काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. डिझेल गाडीतल्या डीपीएफचंही, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरचंही, तेच. रस्त्यावरच्या गाडीसाठी कॅट-बॅक ही हद्द माना.

मूळ मफलरमध्ये विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह असेल तर किटमध्ये त्याची सोय आहे का ते आधी विचारा. तो नुसता काढून टाकला की डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

ताकदीबद्दलही अपेक्षा जमिनीवर ठेवा. हल्लीच्या गाड्यांचा मूळ एक्झॉस्ट बऱ्यापैकी मोकळा असतो. फक्त कॅट-बॅक बदलून मिळणारी वाढ थोडकीच असते. टर्बो इंजिनात टर्बाइननंतरचा अडथळा जितका कमी तितकं बरं, त्यामुळे तिथे फायदा जरा जास्त दिसतो.

तिसरी पायरी: गाडीखाली शिरा

गाडी लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच शिरू नका. मग एकच गोष्ट शोधा: दुसरा पाईप जाणार कुठून? मूळ गाडीत एकाच पाईपसाठी बोगदा केलेला असेल तर दुसऱ्या बाजूला इंधन टाकी, ब्रेकच्या नळ्या, स्पेअर चाकाचा खड्डा यांपैकी काहीतरी हमखास आडवं येतं. जिथे दोन टोकांचं वरचं व्हेरिएंट कंपनीनेच विकलेलं असतं, तिथे अर्धं काम सोपं होतं: हँगरच्या जागा, कधीकधी हीट शील्डसुद्धा आधीच असते, आणि बंपरच्या खालची पट्टी बदलली की भागतं.

मोजताना गाडी उभी आहे तेवढ्यावर जाऊ नका. चाकं लोंबकळत असताना ॲक्सल किंवा सस्पेन्शनचा हात खाली येतो, भार पडला की वर जातो. दोन्ही टोकाच्या स्थितीत पाईपभोवती बोटभर, म्हणजे किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांपाशी त्याहून जास्त, आणि मध्ये हीट शील्ड.

पाईप तापला की लांबतोही. ३०४ स्टेनलेसचा २ मीटरचा पाईप ३०० अंशांनी तापला तर साधारण १० मिलिमीटर वाढतो. म्हणून हँगर रबरी असतात आणि एखादा सांधा सरकता ठेवतात. सगळं कडक वेल्ड करून टाकणारा कारागीर दिसला की समजावं, काही महिन्यांत कुठेतरी तडा जाणार. एक्झॉस्ट थंड असताना बंपरला जेमतेम टेकणारं टोक गरम झाल्यावर बंपर वितळवतं, तेही याच १० मिलिमीटरमुळे.

जागा अगदीच अडचणीची असेल तर इथेच कस्टमचं पारडं जड होतं. मूळ इंजिन बदललेली गाडी, जुनं मॉडेल ज्याचे किट मिळतच नाहीत, खाली बसवलेलं सस्पेन्शन, अशा ठिकाणी दुसरा इलाज नाही.

चौथी पायरी: आवाजाचा हिशेब

लोक सगळ्यात जास्त पस्तावतात ते इथे. दुकानात उभ्या गाडीचा आवाज ऐकून मन भरतं. हायवेवर दोन तास एकाच वेगाने गेल्यावर डोकं उठतं. केबिनमध्ये भरून राहणारी ती घूं-घूं, जिला गाडीवाले ड्रोन म्हणतात, साधारण १५०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात येते, म्हणजे नेमकी निवांत चालवताना.

चार-स्ट्रोक इंजिनात ठोक्यांची वारंवारता काढणं सोपं आहे: आरपीएमला ६० ने भागा आणि सिलिंडरच्या निम्म्या संख्येने गुणा. २००० आरपीएमला व्ही-८ साठी १३३ हर्ट्झ येते, व्ही-६ साठी १०० आणि चार सिलिंडरसाठी ६७. ही वारंवारता केबिनच्या स्वतःच्या घुमण्याशी जुळली की ड्रोन सुरू.

त्यावर एक नामी उपाय आहे: मुख्य पाईपला बाजूने जोडलेली, शेवटी बंद केलेली नळी, जिला बाजारात जे-पाईप म्हणतात. तिची लांबी त्या ध्वनिलहरीच्या पाव भागाइतकी ठेवली की आत जाऊन परतलेली लहर नेमकी उलटी येते आणि आवाज खाऊन टाकते. ३०० अंशांच्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ४८० मीटर जातो. व्ही-८ च्या १३३ हर्ट्झसाठी नळी झाली साधारण ९० सेंटीमीटर. गाडीखाली कुठेतरी बसते. चार सिलिंडरच्या ६७ हर्ट्झसाठी मात्र जवळपास १.८ मीटर लागते, आणि तेवढी जागा आणायची कुठून? बंद नळीतला वायू मुख्य पाईपपेक्षा थंड असतो, त्यामुळे लांबी शेवटी ऐकून थोडी कमी-जास्त करावी लागते.

आता गंमत अशी, की ड्रोनच्या बाबतीत कस्टम आपोआप वरचढ ठरत नाही. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला चांगला किट त्याच गाडीत बसवून, चालवून, ऐकून तयार केलेला असतो. कस्टमवाला तुमच्या गाडीवर पहिल्यांदाच प्रयोग करतो. तो ‘आवाज नाही आवडला तर परत या, रेझोनेटर (आवाज मारणारा जादा डबा) टाकून देतो’ असं आधीच कबूल करत असेल तरच त्याच्याकडे जा.

मफलरचे मुख्य प्रकार दोन. आत कप्पे असलेला चेंबर्ड मफलर आवाज भरदार करतो आणि त्यात झिजण्यासारखं काही नसतं. स्ट्रेट-थ्रू मफलरमध्ये भोकांची सरळ नळी आणि भोवती काचतंतूची भरणी. वायू सरळ जातो, म्हणून अडथळा कमी. स्वस्त मालात ही भरणी हळूहळू जळून-उडून जाते आणि वर्षभरात गाडी बोंबलायला लागते. चांगल्यांत नळीभोवती आधी स्टेनलेसच्या तारेचा थर असतो, मग काचतंतू. आवाजाची अधिकृत तपासणी अनेक ठिकाणी उभ्या गाडीवर होते. आयएसओ ५१३० पद्धतीत मायक्रोफोन टोकापासून अर्धा मीटर दूर आणि ४५ अंशांच्या कोनात धरतात. आपल्याकडची मर्यादा आधी बघून ठेवलेली बरी, भरणी जळाल्यावर वाढणारा आवाज धरून.

पाचवी पायरी: पत्रा आणि बेंड हातात घेऊन बघा

साधं माइल्ड स्टील सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी गंजणारं. त्यावर ॲल्युमिनियमचा थर दिलेला ॲल्युमिनाइज्ड पत्रा बजेटमध्ये खरोखर चांगला पर्याय आहे. फक्त वेल्डच्या जागी तो थर जळतो, तेव्हा गंजही तिथूनच सुरू होतो. बसवतानाच सांध्यांवर उच्च तापमानाचा रंग मारून घ्या. ४०९ स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. वरून तांबूस होतं पण आरपार सडायला बराच काळ लागतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून ते सगळ्यात टिकाऊ.

नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलंय म्हणून भुलू नका. खिशात छोटं चुंबक ठेवा. ४०९ ला ते घट्ट चिकटतं, ३०४ ला सरळ भागावर चिकटत नाही. वाकवलेल्या जागी किंचित ओढलं जातं, ते चालतं. बऱ्याच स्वस्त किटमध्ये टोकं ३०४ ची आणि मधला सगळा पाईप साध्या स्टीलचा असतो. चुंबकाला हे लगेच कळतं.

गंजाबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १ लीटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लीटरच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाईप पुरेसा तापला तर ती वाफ बाहेर जाते, नाही तर मफलरच्या पोटात साचते. ड्युअलमध्ये प्रत्येक पाईपला निम्माच वायू मिळतो, तापायला वेळ लागतो, म्हणून पाणीही जास्त साचतं. तुमची गाडी रोज दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणारी असेल तर स्वस्त ड्युअल आतून सडणार हे धरून चाला. अशा वापराला स्टेनलेसच घ्या, आणि मफलरच्या सर्वांत खालच्या भागात पाणी निथळायला बारीक भोक आहे का ते पाहा.

बेंडवर बोट फिरवा. मँड्रेल बेंडमध्ये वाकवताना नळीच्या आत आधार असतो, त्यामुळे गोलाई शेवटपर्यंत तशीच राहते. साध्या प्रेसवर वाकवलेल्या बेंडच्या आतल्या कडेला सुरकुत्या पडतात आणि बाहेरची बाजू चपटते; अडीच इंची पाईप वळणावर जवळपास दोन इंची होतो. ‘कस्टम’ म्हटलं की लोक मँड्रेलच गृहीत धरतात, पण कित्येक छोट्या कारखान्यांत प्रेस बेंडरच असतो. त्यापेक्षा मँड्रेल बेंडचा बजेट किट केव्हाही सरस.

सहावी पायरी: व्यास

मोठा पाईप म्हणजे जास्त ताकद, हा समज सोडा. आणि ‘इंजिनाला बॅक-प्रेशर, म्हणजे पाईपमधला उलटा दाब, लागतं’ हाही. इंजिनाला लागतो तो वायूचा वेग, कारण वेगाने जाणारा ठोका मागच्या ठोक्याला ओढून घेतो. पाईप वाजवीपेक्षा रुंद केला की हा वेग मरतो आणि खालच्या आरपीएमला गाडी ढिली वाटते.

ट्यूनर मंडळींचा ठोकताळा असा: एका हॉर्सपॉवरला मिनिटाला सुमारे २.२ घनफूट वायू, आणि पाईपच्या एका चौरस इंचातून मिनिटाला सुमारे ११५ घनफूट. २०० हॉर्सपॉवरला यावरून ३.८ चौरस इंच लागतात. सव्वादोन इंचाचा एकच पाईप जवळपास ४ चौरस इंच देतो, म्हणजे काम झालं. अडीच इंचाचे दोन लावले तर ९.८, गरजेच्या अडीच पट! ४०० हॉर्सपॉवरला ७.७ लागतात, आणि सव्वादोन इंचाचे दोन पाईप ८ देतात. दुकानदार अडीच-तीन इंचाच्या जोडीवर अडून बसला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. जाडीही विचारा: १.५ मिलिमीटरच्या आसपास असावी. त्याहून बराच पातळ पत्रा हलका लागतो खरा, पण आवाज पत्र्यासारखा येतो.

सातवी पायरी: कस्टम ठरलं तर कारागीर पारखा

त्याने केलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीखाली जाऊन बघा, फोटोवर विसंबू नका. स्टेनलेसचा वेल्ड बाहेरून सोनेरी-निळसर, एकसारख्या लाटांचा दिसावा. आतून बघायला मिळालं तर आणखी उत्तम: वेल्ड करताना नळीच्या आत आर्गन सोडला नसेल तर आतल्या बाजूने काळपट, साखरेसारखा खडबडीत थर दिसतो. तो वायूला अडतो आणि तडेही तिथूनच जातात. टिग वेल्डिंग असेल तर चांगलंच, पण माइल्ड किंवा ॲल्युमिनाइज्ड पत्र्याला नीट केलेलं मिग पुरतं. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आणखी दोन प्रश्न विचारा. यंत्रणा पुढेमागे खोलता येईल अशी फ्लँजवर (बोल्टने आवळायच्या कड्यांवर) जोडणार की सलग वेल्ड करणार? सलग असेल तर गिअरबॉक्सचं काम निघाल्यावर पाईप कापावा लागतो. आणि गाडीवर वेल्ड करण्याआधी बॅटरी सोडवता का? या प्रश्नावर तो हसला तर गाडी परत घेऊन या, ईसीयूची किंमत त्याला माहीत नाही.

मग निवड कशी करायची

दोन बँकांचं इंजिन, मॉडेलसाठी बनवलेला किट उपलब्ध, मँड्रेल बेंड, मध्ये एच किंवा एक्स दुवा, ॲल्युमिनाइज्ड किंवा ४०९ पत्रा: हा किट घ्या, कस्टमच्या नादी लागू नका. फरकाच्या पैशात चांगले बँड क्लॅम्प आणि नवी गॅस्केट येतील. किटसोबत येणारे यू-बोल्ट क्लॅम्प पाईप चिमटतात आणि पुढच्या वेळी सांधा सुटत नाही.

किट मिळतो पण मागच्या टोकांची जागा जमत नाही, किंवा ड्रोन येतो? किट बसवा आणि फक्त शेवटचा हातभर भाग कारागिराकडून करून घ्या. हा मधला रस्ता कोणी जाहिरातीत सांगत नाही, पण पैशाच्या मानाने सगळ्यात समाधान यातच मिळतं. किट मिळतच नाही, इंजिन बदललंय किंवा ताकद बरीच वाढवलीय, तरच पूर्ण कस्टम. तेव्हा पैसे आधी मफलर आणि बेंडवर घाला, मग पाईपच्या धातूवर. टोकं सगळ्यात शेवटी. आणि इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा, वॉरंटीतल्या गाडीच्या अटीही वाचून ठेवा.

बसवताना आणि बसवल्यावर

सगळे सांधे आधी हाताने सैल ठेवा, पुढून मागे सगळं रांगेत आणा, टोकं सारखी करा आणि मगच पुढच्या टोकापासून आवळत जा. पहिलाच सांधा कचकचून आवळला की मागची टोकं वाकडी येतात, मग कितीही ओढा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून प्रत्येक सांध्याजवळ तळहात न्या. गळणारी हवा लगेच जाणवते. पाईप तापला की हात लावायचं नाव नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरजवळ गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. मागची गळती त्याहून वाईट. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. टोकं बंपरच्या कडेच्या बाहेर आलीच पाहिजेत आणि डिकीचं रबर धड हवं.

पहिल्या काही फेऱ्यांत पाईप तापून-थंड होऊन सांधे थोडे बसतात. आठवड्याभराने पुन्हा खाली जा, सगळे क्लॅम्प आवळा आणि सांध्यांभोवती काजळीची काळी रेघ दिसते का ते पाहा. जुना एक्झॉस्ट भंगारात घालू नका. हँगर आणि हीट शील्डसकट बांधून ठेवा, गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना लागतो.